सभापती तेच, नियम वेगळा: जॉर्ज नॉरिस आणि मार्च १९१० चे बंड

जॉर्ज विल्यम नॉरिस हे नेब्रास्का राज्यातून निवडून आलेले अमेरिकन काँग्रेसचे सदस्य १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षे प्रतिनिधिगृहात आणि त्यानंतर १९४३ पर्यंत सेनेटमध्ये होते. चाळीस वर्षांच्या या कारकिर्दीत त्यांनी पुष्कळ कामे केली, तरी प्रस्तुत अभ्यास १७ ते १९ मार्च १९१० या तीन दिवसांपुरता आहे. या तीन दिवसांत एका सामान्य सदस्याने स्वतःच्याच पक्षाच्या, देशात राष्ट्राध्यक्षांच्या खालोखाल सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या सभापतींच्या हातून त्यांचे मुख्य शस्त्र काढून घेतले. हे कसे घडले, कोणत्या वळणावर कोणता निर्णय झाला आणि त्यातले कोणते निर्णय अपुरे ठरले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे. संसदीय कार्यपद्धतीचा विषय रूक्ष वाटण्याची शक्यता आहे. परंतु कोणता कायदा चर्चेला येईल आणि कोणता कपाटात पडून राहील, हे ठरवणारी सत्ता नेमकी याच रूक्ष नियमांत असते.

पार्श्वभूमी: सभापतिपदाची सत्ता

भारतीय वाचकाला सभापती म्हटले की पक्षीय वादापासून दूर राहून सभागृह चालवणारी व्यक्ती अपेक्षित असते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात सभापती हा बहुमतातील पक्षाचा नेताच असतो आणि त्याने पक्षाचा कार्यक्रम पुढे न्यावा, अशीच अपेक्षा असते. १८९० मध्ये सभापती टॉमस रीड यांनी नियमांत मोठे बदल केले. त्यापूर्वी अल्पमतातील सदस्य सभागृहात बसूनही हजेरीला उत्तर देत नसत आणि गणसंख्या नाही म्हणून कामकाज थांबे. रीड यांनी समोर दिसणाऱ्या सदस्यांची उपस्थिती लावायला सुरुवात केली आणि हा मार्ग बंद झाला. त्या काळी ही सुधारणा आवश्यकच होती, असे माझे मत आहे. परंतु सभागृह चालते ठेवण्यासाठी सभापतींना दिलेले अधिकार पुढच्या सभापतींच्या हाती वेगळ्याच कामासाठी आले.

इलिनॉयचे जोसेफ कॅनन १९०३ मध्ये सभापती झाले. १८३६ साली जन्मलेले, तोंडात सदैव सिगार, बोलण्यात गावरान मोकळेपणा आणि विचाराने कोणत्याही सुधारणेबद्दल साशंक, असे हे गृहस्थ. त्यांच्या सत्तेचे तीन आधार होते. सर्व स्थायी समित्यांचे सदस्य आणि अध्यक्ष तेच नेमत असत, त्यामुळे प्रत्येक सदस्याची बढती त्यांच्या मर्जीवर अवलंबून असे. सभागृहात बोलण्याची परवानगी कोणाला द्यायची, हे तेच ठरवीत. उठून उभ्या राहिलेल्या सदस्याला आधी कशासाठी उठलात हे विचारले जाई आणि उत्तर पसंत पडले नाही तर त्याला बसावे लागे. तिसरा आधार म्हणजे नियम समिती. या समितीत अवघे पाच सदस्य होते, त्यांतले एक स्वतः सभापती आणि दोन त्यांनीच नेमलेले विश्वासू सहकारी. कोणते विधेयक कधी चर्चेला घ्यायचे, किती वेळ द्यायचा, दुरुस्त्या मांडू द्यायच्या की नाही, हे ही समिती ठरवी. समितीतील अल्पमताच्या दोघांना निर्णय झाल्यावर तो कळे, असे म्हटले तरी चालेल.

नॉरिस यांची वाटचाल

नॉरिस यांचा जन्म १८६१ मध्ये ओहायोतील एका शेतकरी कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडील वारले आणि थोरला भाऊ यादवी युद्धात मरण पावला. शिक्षकी करून, कायद्याचे शिक्षण घेऊन ते १८८५ मध्ये नेब्रास्कात आले, बीव्हर सिटी येथे वकिली केली आणि पुढे जिल्हा न्यायाधीश झाले. नंतर मॅकुक हे त्यांचे कायमचे गाव झाले. १९०२ मध्ये त्यांनी विद्यमान डेमोक्रॅट सदस्य ॲश्टन शॅलनबर्गर यांचा थोड्या मतांनी पराभव केला आणि ते वॉशिंग्टनला पोहोचले.

या टप्प्यावर त्यांना बंडखोर म्हणता येणार नाही. ते रिपब्लिकन पक्षाचे निष्ठावंत होते आणि सभापतींच्या बाजूने मतदान करीत होते. आपल्या मनात पालट कसा झाला, याचा एक प्रसंग त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवला आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीनिमित्त सभागृह तहकूब करावे, असा साधा ठराव एका डेमोक्रॅट सदस्याने मांडला. अशा ठरावात पक्षभेद कसला, असे समजून नॉरिस यांनी त्याच्या बाजूने मत दिले आणि पाहतात तो स्वतःच्या पक्षातील सदस्य केवळ ठराव विरोधकाचा आहे म्हणून विरोधात मत देत होते. प्रसंग किरकोळ, पण न्यायाधीशाच्या आसनावरून आलेल्या माणसाला त्यातून पक्षयंत्रणेचे स्वरूप दिसले. १९०८ मध्ये त्यांनी नियम समिती मोठी करून ती सदस्यांमधूनच निवडली जावी, असा ठराव मांडला. तो ज्या समितीकडे विचारार्थ गेला ती नियम समितीच होती, आणि अर्थातच तेथून तो कधी बाहेर आला नाही.

समस्या

अडचण अशी की नियम बदलण्याचा प्रत्येक मार्ग त्याच नियमांनी नेमलेल्या लोकांच्या दारातून जात होता. सभापती बदलावा, तर तो पक्षाच्या बैठकीत निवडला जाई आणि तेथे कॅनन यांचे बहुमत पक्के होते. नियम बदलावा, तर ठराव नियम समितीकडे जाई. सभागृहात थेट मांडावा, तर त्यासाठी सभापतींची परवानगी लागे.

संख्याबळाचा हिशेबही सोपा नव्हता. ६१ व्या काँग्रेसमध्ये, म्हणजे १९०९ ते १९११ या कार्यकाळातील प्रतिनिधिगृहात, ३९१ सदस्यांपैकी २१९ रिपब्लिकन आणि १७२ डेमोक्रॅट होते. सर्व डेमोक्रॅट एकदिलाने उभे राहिले तरी किमान २४ रिपब्लिकनांनी पक्षादेश मोडल्याशिवाय काहीही होणार नव्हते. असंतुष्ट रिपब्लिकनांची संख्या याहून अधिक होती. विस्कॉन्सिनचे हेन्री कूपर, जॉन नेल्सन आणि आयर्विन लेनरूट, कॅन्ससचे व्हिक्टर मर्डॉक, मिनेसोटाचे चार्ल्स लिंडबर्ग (पुढे अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिकाचे वडील) अशी मंडळी त्यांत होती. पण हे सारे एका विचाराचे नव्हते. कोणाला जकातीचे धोरण नको होते, कोणाला रेल्वे कंपन्यांवर नियंत्रण हवे होते, कोणाचा कॅनन यांच्यावर व्यक्तिगत राग होता.

१५ मार्च १९०९ रोजी विशेष अधिवेशनाच्या प्रारंभी हे सारे स्पष्ट झाले. जुनेच नियम पुढे चालू ठेवण्याचा प्रस्ताव बंडखोर आणि डेमोक्रॅट यांनी मिळून हाणून पाडला. त्यानंतर डेमोक्रॅट नेते चॅम्प क्लार्क यांनी भला मोठा ठराव आणला: नियम समिती वाढवावी, सभापतींना तिच्यातून काढावे आणि समित्या नेमण्याचे त्यांचे अधिकारही बहुतांशी काढून घ्यावेत. ऐनवेळी न्यूयॉर्कचे जॉन फिट्झजेरल्ड यांच्यासह वीसहून अधिक डेमोक्रॅट सभापतींच्या बाजूला गेले, क्लार्क यांचा ठराव पडला आणि फिट्झजेरल्ड यांनी सुचवलेली सौम्य तडजोड मंजूर झाली. त्या महिन्यातील सवलतींमधून बंडखोरांच्या पदरात पडलेली एक गोष्ट म्हणजे दर बुधवारी समित्यांनी आपापली विधेयके क्रमाने मांडावीत आणि त्यात अन्य कामाचा अडथळा नसावा, ही व्यवस्था. तेव्हा ती क्षुल्लक वाटली. वर्षभराने हीच व्यवस्था निर्णायक ठरली.

त्यानंतर शिक्षा सुरू झाली. कूपर यांचे समितीचे अध्यक्षपद गेले, न्यू जर्सीचे चार्ल्स फाउलर यांचेही गेले, आणि नॉरिस यांनाही समित्यांच्या वाटपात खाली ढकलण्यात आले. मतदारसंघातील टपाल अधिकाऱ्यांसारख्या नेमणुकांमध्ये सदस्याचा शब्द चाले. राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या प्रशासनाने बंडखोरांचा तो शब्दही काढून घेतला. टाफ्ट यांनी आधी कॅनन यांना विरोध करण्याचा विचार केला होता. पण जकातीचा कायदा मंजूर करून घेण्यासाठी सभापती हवे होते, म्हणून त्यांनी माघार घेतली. थोडक्यात, बंडखोरांना व्हाइट हाऊसचा आधार नव्हता.

समोरचे पर्याय

१९१० च्या सुरुवातीला नॉरिस यांच्यासमोर कोणते मार्ग होते, ते पाहिले पाहिजे. हे मार्ग त्यांनी एका बैठकीत मांडून तोलले असे मुळीच नाही. त्यांच्या कृतींमधून ते दिसतात.

एक मार्ग पक्षातच राहून, दबाव वाढवीत, पुढच्या निवडणुकीनंतर नवा सभापती निवडून आणण्याचा होता. हा सर्वांत सुरक्षित मार्ग होता आणि बरेच मवाळ बंडखोर त्याच्याकडे झुकलेले होते. त्यातला दोष असा की व्यक्ती बदलली तरी अधिकार तसेच राहिले असते, आणि नव्या सभापतीला ते सोडण्याची इच्छा का व्हावी?

दुसरा मार्ग डेमोक्रॅटांशी उघड युती करून सभापतिपद रिक्त करण्याचा. राग शमवायला हा मार्ग चांगला होता. परंतु नवा सभापती कोण, या प्रश्नावर युती त्याच क्षणी फुटली असती. शिवाय नेब्रास्कातील रिपब्लिकन मतदारांना नियमातील बदल समजावून सांगता आला असता. डेमोक्रॅट सभापती बसवला, हे सांगणे कठीण होते.

तिसरा मार्ग १९०९ सारखाच व्यापक सुधारणेचा. त्यात प्रत्येक कलमाला वेगळा विरोधक मिळत होता. समित्यांच्या नेमणुकांना हात लावला की ज्यांना चांगल्या समित्या मिळालेल्या होत्या ते दूर जात.

चौथा मार्ग नॉरिस यांनी निवडला. एकच समिती, एकच बदल, आणि तो थेट सभागृहासमोर. व्यक्तीबद्दल शब्द नाही, अन्य अधिकारांबद्दल शब्द नाही. फक्त नियम समिती सभागृहाने निवडावी आणि सभापती तिच्यात नसावेत. हा ठराव लिहिलेला कागद ते बराच काळ कोटाच्या खिशात बाळगून होते. संधी कधी येईल हे त्यांच्या हाती नव्हते. ती आली तर मसुदा लिहीत बसावे लागू नये, एवढे त्यांच्या हाती होते. या साऱ्या प्रकरणातील मला सर्वाधिक शिकण्यासारखा वाटणारा भाग हाच आहे. अनुकूल क्षणाची वाट पाहणारे पुष्कळ असतात. ठराव कोणत्या शब्दांत मांडायचा आणि त्यावर कोणता आक्षेप येईल, याचा निकाल आधीच लावून वाट पाहणारे विरळा.

कृती: जानेवारीतील चाचणी

मार्चपूर्वी एक छोटी लढाई झाली. सार्वजनिक जमिनींचा कारभार पाहणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री रिचर्ड बॅलिंजर आणि वनाधिकारी गिफर्ड पिंशो यांच्यातील वादाची चौकशी करण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमायची होती. प्रतिनिधिगृहातील सदस्य सभापतींनी नेमले असते तर चौकशीचा निकाल आधीच ठरल्यासारखा होता. ७ जानेवारी १९१० रोजी चर्चेची सूत्रे सांभाळणारे पेनसिल्व्हेनियाचे जॉन डॅल्झेल जेवणासाठी बाहेर गेले, तेवढ्यात नॉरिस यांनी दोन मिनिटे बोलण्याची वेळ मागून घेतली आणि सदस्य नेमण्याऐवजी सभागृहाने निवडावेत, अशी दुरुस्ती मांडली. ती १४९ विरुद्ध १४६ मतांनी मंजूर झाली.

तीन मतांचा हा विजय दोन कारणांसाठी महत्त्वाचा होता. सभापतींच्या इच्छेविरुद्ध बहुमत उभे राहू शकते, हे प्रत्यक्ष मोजून कळले. आणि ‘नेमणुकीऐवजी निवडणूक’ या एका मुद्द्यावर डेमोक्रॅट आणि बंडखोर यांच्यात फूट पडत नाही, हेही कळले.

कृती: १६ ते १९ मार्च

१६ मार्च हा बुधवार होता, म्हणजे समित्यांच्या विधेयकांसाठी राखलेला दिवस. इंडियानाचे एडगर क्रम्पॅकर यांनी त्या दिवशी जनगणनेसंबंधीचा ठराव पुढे आणला. दर दहा वर्षांनी जनगणना करण्याची आज्ञा राज्यघटनेतच असल्यामुळे हा विषय घटनेनेच अग्रक्रमाचा ठरवलेला आहे, असा निर्णय कॅनन यांनी दिला. बुधवारची व्यवस्था मोडली जाते म्हणून बंडखोर आणि डेमोक्रॅट यांनी त्या निर्णयावर सभागृहाचे मत मागितले आणि सभापतींचा निर्णय फिरवला गेला. दुसऱ्या दिवशी विषय पुन्हा आला आणि या वेळी सभागृहाने तो ठराव घेण्यास संमती दिली.

नॉरिस यांना हवा असलेला दरवाजा येथे उघडला. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. जनगणना घटनेत आहे म्हणून अग्रक्रमाची, तर नियम ठरवण्याचा अधिकारही घटनेतच आहे. मग नियमबदलाचा ठराव अग्रक्रमाचा का नाही? १७ मार्च रोजी नॉरिस उठले, राज्यघटनेने अग्रक्रम दिलेला ठराव आपल्यापाशी आहे असे त्यांनी सांगितले आणि खिशातला तो कागद पुढे केला. ठराव वाचून दाखवला गेला. राज्यांचे भौगोलिक गट पाडून त्यांतील सदस्यांमार्फत पंधरा जणांची नियम समिती निवडावी आणि सभापतींना तिचे सदस्य होता येऊ नये, असा त्याचा आशय होता.

डॅल्झेल यांनी हा ठराव नियमबाह्य असल्याचा आक्षेप घेतला. आता कॅनन पेचात सापडले. ठराव घ्यावा तर हार. नाकारावा तर आदल्या दिवशीच्या स्वतःच्याच युक्तिवादाला बाध, आणि वर सभागृहाकडून निर्णय फिरवला जाण्याची भीती. त्या दिवशी सेंट पॅट्रिकचा सण असल्याने त्यांचे बरेच समर्थक गावाबाहेर होते. म्हणून निर्णय न देता चर्चा लांबवायची आणि तारा पाठवून माणसे परत बोलवायची, हे धोरण त्यांनी स्वीकारले. चर्चा रात्रभर चालली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू राहिली. गैरहजर सदस्यांना पकडून आणण्यासाठी सभागृहाचे अधिकारी शहरभर फिरत होते. बंडखोरांनाही उठून जाता येत नव्हते, कारण मते मोजण्याचा क्षण कधी येईल याचा भरवसा नव्हता.

तहकुबीच्या काळात खरी वाटाघाट झाली. पक्षनिष्ठ रिपब्लिकनांशी बोलणी झाली, तेव्हा समिती मोठी करण्याबाबत तडजोड शक्य होती, पण सभापतींना समितीबाहेर ठेवण्याच्या अटीवर ती फिसकटली. नॉरिस यांनी ही अट सोडली नाही. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटांना भौगोलिक गटांची योजना मान्य नव्हती. पक्षाच्या प्रतिनिधींची निवड पक्षाने करावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि लवकरच आपले बहुमत येईल अशी आशा असलेल्या पक्षाने असे म्हणणे स्वाभाविक होते. १९०९ मध्ये शेवटच्या क्षणी वीसहून अधिक मते निसटलेली सर्वांच्या लक्षात होती. नॉरिस यांनी येथे माघार घेतली: पंधराऐवजी दहा सदस्य, सहा बहुमताचे आणि चार अल्पमताचे, भौगोलिक गट नाहीत, निवड सभागृहाने करावी, अध्यक्ष समितीने निवडावा, सभापती सदस्य नसावेत.

१९ मार्च रोजी कॅनन यांनी अखेर ठराव नियमबाह्य असल्याचा निर्णय दिला. त्यावर सभागृहाचे मत घेण्यात आले आणि १८२ विरुद्ध १६२ मतांनी निर्णय फिरवला गेला. सुधारित ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. डेमोक्रॅटांसोबत चाळीसहून अधिक रिपब्लिकनांनी मत दिले होते.

शेवटचा निर्णय: सभापती ठेवावेत की काढावेत?

यानंतर कॅनन यांनी जे केले त्याला राजकीय चातुर्य म्हणावे लागेल. आपण राजीनामा देणार नाही, परंतु सभापतिपद रिक्त झाल्याचे जाहीर करण्याचा ठराव कोणी मांडला तर तो घेऊ, असे त्यांनी सांगितले. टेक्ससचे डेमोक्रॅट अल्बर्ट बर्लसन यांनी लगेच तसा ठराव मांडला. पुढाकार क्षणार्धात कॅनन यांच्याकडे परत गेला. ज्या रिपब्लिकनांनी तासाभरापूर्वी त्यांची सत्ता कमी केली, त्यांनाच आता त्यांची खुर्ची टिकवायची की घालवायची हे उघडपणे सांगावे लागणार होते.

नॉरिस यांनी कॅनन यांना काढण्याच्या विरोधात मत दिले. बहुतेक बंडखोरांनी तसेच केले. कूपर, नेल्सन, लेनरूट, लिंडबर्ग अशा अगदी मोजक्यांनी पदच्युतीच्या बाजूने मत दिले. १९२ विरुद्ध १५५ मतांनी ठराव पडला आणि कॅनन ३ मार्च १९११ पर्यंत सभापतिपदावर राहिले.

या मतावरून नॉरिस यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. लढाई व्यवस्थेशी होती, माणसाशी नव्हती, अशी त्यांची भूमिका होती. मला ती भूमिका मनापासून पटते, आणि त्यामागे एक व्यावहारिक कारणही दिसते. जे बहुमत नियमाच्या प्रश्नावर जमले होते ते दुसऱ्या सभापतीच्या प्रश्नावर जमणारे नव्हते. पद रिक्त झाले असते, तर सभागृहाचे सारे काम नव्या निवडणुकीत अडकले असते आणि नुकताच मंजूर झालेला नियमही त्या गोंधळात पणाला लागला असता.

परिणाम

तात्कालिक परिणाम अपेक्षेपेक्षा फिका होता. नव्या दहा जणांच्या समितीचे सदस्य प्रत्यक्षात दोन्ही पक्षांच्या बैठकांत ठरले आणि सभागृहाने फक्त त्यांच्यावर शिक्का मारला. सहा रिपब्लिकन जागांपैकी एकही बंडखोरांना मिळाली नाही. समितीचे अध्यक्ष कोण झाले? ज्यांनी नॉरिस यांच्या ठरावाला पहिला आक्षेप घेतला होता ते जॉन डॅल्झेल.

दूरगामी परिणाम मात्र मोठा होता. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांनी सोळा वर्षांनंतर प्रथमच प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवले. १९११ मध्ये चॅम्प क्लार्क सभापती झाले आणि स्थायी समित्या नेमण्याचा सभापतींचा अधिकारही संपला. १९१० मध्ये नॉरिस यांनी ज्या अधिकाराला जाणूनबुजून हात लावला नव्हता, तो वर्षभरात आपोआप गळून पडला, कारण सभापतींची सत्ता अटळ नाही हे एकदा सिद्ध झाले होते. परंतु त्या नेमणुका आता बहुमतातील पक्षाची बैठक आणि ऑस्कर अंडरवुड यांच्या नेतृत्वाखालील, करविषयक विधेयके पाहणाऱ्या अर्थोपाय समितीतील डेमोक्रॅट सदस्य करू लागले. पक्षाच्या बैठकीत दोन तृतीयांश मतांनी झालेला निर्णय सदस्यांवर बंधनकारक मानला जाई. सत्तेचे ठिकाण बदलले होते. पुढील काळात पक्षाच्या बैठकांचा जोर ओसरला आणि समित्यांच्या अध्यक्षपदासाठी ज्येष्ठता हा जवळजवळ अभंग निकष झाला. मग वर्षानुवर्षे निवडून येणारे अध्यक्ष विधेयके अडवू लागले.

नॉरिस यांच्या स्वतःच्या कारकिर्दीला या बंडाने बळ दिले. १९१२ मध्ये ते सेनेटवर निवडून आले आणि तेथे तीस वर्षे राहिले. १९१७ मध्ये युद्धाच्या घोषणेविरुद्ध मत देणाऱ्या सहा सेनेटरांपैकी ते एक होते. कामगारांच्या संपांवर न्यायालयीन मनाई आणण्यास आळा घालणारा १९३२ चा कायदा, पराभूत सदस्यांचा रेंगाळणारा कार्यकाळ संपवणारी १९३३ ची विसावी घटनादुरुस्ती आणि त्याच वर्षी स्थापन झालेले टेनेसी खोरे प्राधिकरण, या तिन्हींमागे त्यांचे वर्षानुवर्षांचे परिश्रम होते. कॅनन यांची गोष्टही तेथे संपली नाही. १९१२ मध्ये पराभूत होऊन ते १९१४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९२३ पर्यंत सदस्य राहिले.

काय वेगळे करता आले असते?

पहिला प्रश्न भौगोलिक गटांच्या माघारीचा आहे. मूळ मसुद्यात सदस्यांची निवड पक्षाच्या बैठकीबाहेर होणार होती आणि हाच त्यातला सर्वांत क्रांतिकारक भाग होता. तो सोडल्यामुळे ‘सभागृहाने निवडावे’ या शब्दांचा अर्थ ‘पक्षाने ठरवावे’ असा झाला. पण माघार घेतली नसती तर डेमोक्रॅटांची मते टिकली नसती, हेही तितकेच खरे. माझ्या मते तडजोड अपरिहार्य होती. ती पूर्ण मात्र नव्हती. सहा जागांपैकी काही जागा बंडखोरांना मिळतील अशी तरतूद, किंवा निदान समितीच्या निवडीसाठी सभागृहात गुप्त मतदान, एवढे तरी मागता आले असते. १८ मार्चच्या दिवशी बंडखोरांच्या मतांची किंमत सर्वाधिक होती. सभापतींना वगळण्याच्या एका अटीवर त्यांनी ती सारी किंमत खर्च केली आणि समितीत बसणार कोण, हा प्रश्न मोकळा सोडला.

दुसरा प्रश्न तयारीचा. नॉरिस यांनी कागद तयार ठेवला होता, परंतु ठराव मंजूर झाल्यावर पुढच्या आठवड्यात काय करायचे, याची तयारी कोणी केलेली दिसत नाही. चाळीसहून अधिक सदस्यांचा गट एका मतदानासाठी एकत्र आला आणि पदच्युतीच्या ठरावावर त्याच दिवशी विस्कटला. त्यांनी समितीसाठी आपली स्वतंत्र नावे सभागृहात मांडली असती तर हरले असते कदाचित. पण सभागृहाने निवडायचे म्हणजे पक्षाची यादी मंजूर करायची नव्हे, हा पायंडा पहिल्याच दिवशी घालता आला असता. नवा नियम पहिल्यांदा कसा वापरला जातो, यावर त्याचा पुढचा अर्थ ठरतो, आणि तो पहिला वापर त्यांनी प्रतिपक्षाच्या हाती सोपवला.

कॅनन यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. १९०९ मध्ये शिक्षा करण्याऐवजी त्यांनी दोन-तीन बंडखोरांना चांगल्या समित्या दिल्या असत्या, तर १९१० मध्ये २४ मते जमली असती का, याची मला शंका वाटते. १६ मार्चला त्यांनी बुधवारच्या व्यवस्थेचा मान राखून जनगणनेचा ठराव एक दिवस पुढे ढकलला असता, तर घटनेचा आधार घेणारा युक्तिवाद त्यांच्याच तोंडून आला नसता. एका दिवसाची घाई त्यांना महागात पडली.

पदच्युतीवरील मताबद्दल मात्र मी नॉरिस यांच्या बाजूने आहे. ज्यांनी पदच्युतीसाठी मत दिले त्यांचा सुसंगतपणा मान्य करूनही असे वाटते की त्या दिवशी तो ठराव मंजूर होणे म्हणजे प्रश्न पुन्हा व्यक्तीवर आणून ठेवणे होते, आणि नवा सभापती आला की झाले, असे समाधान सर्वांनी करून घेतले असते.

राहिलेल्या उणिवेचे उत्तर नॉरिस यांनी स्वतःच दिले, फार उशिरा आणि वॉशिंग्टनपासून दूर. १९३४ मध्ये त्यांनी नेब्रास्काभर प्रवास करून राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहे मोडून एकच करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे नेला आणि तो मंजूर झाला. ४३ सदस्यांचे हे सभागृह जानेवारी १९३७ मध्ये प्रथम भरले. त्यातील सदस्य मतपत्रिकेवर पक्षाचे नाव न लावता निवडून आले होते, म्हणजे १९१० मध्ये ज्या पक्षबैठकीपुढे नॉरिस यांचा भौगोलिक गटांचा मसुदा अडला, तिच्यासाठी या विधिमंडळाच्या रचनेत जागाच ठेवलेली नव्हती. नेब्रास्काचे विधिमंडळ आजही याच पद्धतीने चालते.